कोंबड्यांपायी घेतलेलं दळन

आक्का, तू गेलीस आन आठवडा सरला न्हाई तंवर तुज्या कोंबड्यांनी अंडी बंद केली. आधी तांबडी थांबली, मग करडी, मग त्या दोघी काळ्या. कोंबडा तेवढा आरवतो, पन तो बी उजाडून गेल्यावर, सासुरवाडीला आलेल्या जावयागत. भेटायला आलेल्या बाया म्हनल्या, "धनीन गेली, मुक्या जीवास्नी बी कळतं बाई." म्या मान हालवली. मनात म्हनलं, कळू दे, पन शोक करायला कोंबड्यांस्नी सवड हाय, मला न्हाई. पौष तोंडावर आलाय, तुज्या येकुलत्या एक लेकीचे, सुंदरीचे, दिवस भरत आलेत, आन मला अंडी पायजेत.

चारचौघांत मी तुला तुमी म्हनायची. धाकल्या जावंनं थोरलीला तसंच म्हनावं, ही घरची रीत. पन जात्यावर समोरासमोर बसलो की तू. सासूबाई झोपलेल्या असायच्या, ऐकायला कोन व्हतं? आज बी तूच म्हनते. आज बी ऐकायला कोन न्हाई. सकाळी चूल पेटवायला इस्तू पायजे म्हनून मी आपल्या दोन घरांमधल्या भिंतीपशी येते, तिच्यातल्या भोकातनं हाक मारते, "आक्का, इस्तू हाय का गं?" आन मग माजं मलाच उमगतं. घरात येकटं मानूस असलं की आपला आवाज बी आपल्याला परका वाटतो.

ती भिंत भावाभावांनी वाटनी केली तवा घातली. घागर तुला, परात मला, बैल एक एक. जातं तुज्या पडवीत व्हतं म्हनून तुला ऱ्हायलं, मला नवं आनलं. पंच म्हनले, कोंबड्या बी दोन-दोन घ्या. घेतल्या की! पन सांज झाली की सगळ्या जनी रांगंनं तुज्या पडवीतल्या खुराड्यात, आन सकाळी माज्या परड्यातल्या गवताच्या गंजीत. झोपाया तुज्याकडं, अंडी घालाया माज्याकडं. तू बोंब मारायचीस, "दानं म्या टाकायचं आन अंडी हिच्या पदरात!"

मग तू सकाळी एकेकीला काखेत धरून बोटानं चाचपायचीस. जिच्या पोटात अंडं लागलं, ती डालग्याखाली कैद. आन मी गंजीत एक अंडं मुद्दाम तसंच ठेवायची, म्हंजे बाकीच्यास्नी जागा वळखीची वाटावी. तू डालगं वजनाला धोंडा ठेवून झाकायचीस, मी वाडीतल्या पोरास्नी गूळ देऊन तो धोंडा हालवायला लावायची. आपल्या मालकांस्नी कळलं असतं तर कपाळाला हात लावला असता. चाचपायचं तरी मला शिकवलं कुनी? तूच. नवी नवरी व्हते, कोंबडी धरायला भ्यायची, तवा तू माजं बोट धरून म्हनलीस, "हितं बघ, टनक लागतंय न्हवं? आज घालनार ही." शिकवलेलं तुज्यावरच उलटवलं म्या.

आधी तुजे मालक गेले, गाठीच्या तापाच्या साली माजे बी गेले. मग ते डालगं न धोंडा सगळं सपलं. तुज्याच हातानं तू भिंतीला भोक पाडलंस, इस्तू द्यायला, कालवन द्यायला, रात्री खोकला आला तर "जागी हाईस का?" इचारायला. माज्या वाटचं दळन बी तूच दळाया लागलीस. म्हनायचीस, "एवढ्याशासाठी दोन जाती कशाला फिरवायची?" मी नवं जातं गोनपाटाखाली झाकून ठेवलं ते ठेवलंच. मला मूल न्हाई म्हनून वाडीत कुनी तिरकं बोललं तर तू पदर खोचून त्यांच्या दारात जायचीस. मला मातर कधी त्यातलं एक अक्षर बोलली न्हाईस. सुंदरीला न्हाऊ घालून माज्या मांडीवर टाकायचीस न म्हनायचीस, "धर, मला कामं हायेत." तुला कसली कामं असायची, मला ठावं व्हतं.

भांडन ऱ्हायलं ते एकच, थंडीतल्या अंड्यांचं. आपल्या वाडीत मार्गशीर्ष लागला की घरोघर कोंबड्या बसून ऱ्हात्यात. दिवस आखूड, पिसं झडलेली, अंग फुगवून एका पायावर हुब्या. माघ सरून ऊन चढंपतूर अंड्याचं नाव न्हाई. आपल्या कोंबड्या मातर भर पौषात बी घालायच्या. मी म्हनायची, ही माज्या हाताची करनी. सांजच्याला बाजरीचा भरडा कोमट पान्यात कालवायचा, लसून ठेचून घालायची, लाल मिरचीची चिमूट टाकायची, वर हरबऱ्याचा कवळा पाला. खुराड्यावर गोनपाट, लोळायला चुलीतली राख. एवढं केल्यावर कुठली कोंबडी घालायची न्हाई?

तू म्हनायचीस, तुज्या ओव्यांनी घालत्यात. पहाटं उठून तू घासलेटची चिमनी लावायचीस, जात्याच्या मागं खुराडं, त्याची फळी काढून ठेवायचीस. "त्यास्नी बी ऐकू दे की. येकटीनं गायाचं तर कुनासाठी?" आन मग माज्यावरच ओवी जुळवून भोकाकडं तोंड करून म्हनायचीस:

"जाऊबाई माजी गं, तिची ऐकावी नवलाई,
लसून-मिरचीची, जित्या कोंबडीला फोडनी देई."

मी हातरुनातनं वरडायची, "गप गं बाई! तुज्या गळ्यानं भेदरून अंडी टाकत्यात त्या!" तू खदाखदा हसायचीस, जातं थांबायचं, पुन्यांदा सुरू व्हायचं. त्या घरघरीत मला परत झोप लागायची. आता पहाटं जाग येती ती येतीच.

सुंदरीला ओतूरला दिली, चांगलं घर, सासू तेवढी कडक. पोरीला दिवस गेले आन सुईन म्हनली, अंगात रगत न्हाई, रोज एक अंडं पोटात जाऊ द्या. तवापासनं तू उस्मान मन्याराला गाठलंस. जुन्नरचा मानूस, बांगड्यांची पाटी घेऊन ओतूरच्या बाजाराला जाताना आपल्या वाटंनं जायचा. आपल्या दोघींच्या हातात बांगडी न्हाई, त्याला आपल्या दारात कामच काय? पन पानी प्यायला थांबायचा. तू त्याच्या पाटीतल्या गवतात, बांगड्यांच्या मधी मधी, अंडी खुपसायचीस. तो म्हनायचा, "थोरल्या वैनी, माजी काच फुटली तर चालंल, तुमचं अंडं फुटलं तर जीव घ्याल माजा." तू म्हनायचीस, "घेईन की."

दिवाळीला सुंदरी आली तवा तू ठरवून टाकलंस, पयलं बाळंतपन म्हायारीच. पौषात आनायचं. डिंक फोडून ठेवलास, जुनी लुगडी धुवून दुपट्यांसाठी काढलीस. आन मग तुला ताप आला.

तापात तू भिंतीकडं तोंड करून पडलेली, मी कपाळावर पान्याची घडी ठेवत व्हते. तू म्हनलीस, "मी गेले की सुंदरीचं म्हायार सपलं गं." मला म्हनलीस का भिंतीला, कुनास ठाऊक. म्या घडी बदलली. माज्या तोंडावर आलं व्हतं, आक्का, मी काय मेले का? ही पोर रांगायला लागली तवा उंबरा ओलांडून पयली माज्याच पडवीत आली न्हवं? लई लागलं मला ते. पन आजारी मानसाशी काय भांडायचं, बरी झालीस की बघते तुज्याकडं, म्हनून गप बसले. तू बरी झालीच न्हाईस. ते बोलनं माज्यापशीच ऱ्हायलं.

तू गेल्यावर म्या म्हनलं, आता दावते. लसून दुप्पट केली. मिरची एवढी घातली की करडी शिंकाया लागली. रोज सकाळी एकेकीला काखेत धरून चाचपायची. काय न्हाई. उस्मानभाऊ दारात थांबायचा, पाटी खाली ठेवायचा, मी मान हालवायची, तो बिचारा पानी पिऊन निघून जायचा. मी हरले, आक्का. आन "बघ, म्हनलं नव्हतं?" असं म्हनायला तू न्हाईस. लई वंगाळ असतं असं हरनं.

मग एका पहाटं तुज्या पडवीत गेले. तू गेल्यापासनं तिकडं नुसता झाडू मारायला जायची. जात्यावर पीठ झाडायचं तुजं फडकं तसंच पडलेलं. चिमनी लावली, फळी काढली, बाजरी वैरली, खुंटा धरला. ओवी काय तोंडातनं निघंना. मुकाट्यानं दळलं. येकटीची बाजरी ती केवढी? दोन भाकरींचं पीठ पडलं न जातं रिकामं घरघराया लागलं. चिमनी इझवली. कोंबड्या डोळं किलकिलं करून बघत व्हत्या, त्यांनी पुन्यांदा माना पिसात घातल्या.

तुजं तसं नव्हतं. तुजं दळन, माजं दळन, वाट्यानं शेत करनाऱ्यांच्या जेवनाचं, सुंदरीकडं धाडायचं. पार उजाडंपतूर तुजं जातं चालायचं. म्या इचार केला, येवढं पीठ मला लागत न्हाई, पन जातं तर येवढा येळ फिरलं पायजे. म्हनून आळीतल्या बायांकडनं दळन मागून आनलं. त्या बघतच ऱ्हायल्या. "काकी, तुमी? अवो, कनगी भरलीया घरात, आन तुमी लोकांचं दळनार?" म्या म्हनलं, "येकटीला झोप येत न्हाई गं. जातं फिरलं की जीव रमतो." त्यात खोटं काय न्हवतं.

असे बरेच दिवस गेले. हाताला फोड आले, फुटले, घट्टे पडले. आन एक दिवस चाचपून डालग्याखाली ठेवलेली करडी वरडाया लागली, ते त्यांचं अंडं घातल्यावरचं वरडनं. डालगं उचललं, अंडं हातात घेतलं तर ऊन ऊन. मी तिथंच बसून रडले. तू गेलीस तवा बायांच्या देखत रडले व्हते, ते जनरीतीचं. हे माजं व्हतं. मागनं तांबडीनं घातलं, मग काळ्यांनी.

आन ऐक, ओवी म्या एक बी म्हनलेली न्हाई. लसून तर चालूच व्हती, तिचा उपेग झाला न्हाई. एकदा घासलेट सपलं म्हनून अंधारात दळलं, तर एक कोंबडी हालली न्हाई. दुसऱ्या दिवशी चिमनी लावली की सगळ्यांच्या माना वर. त्यास्नी उजेड पायजे व्हता, आक्का. दिवस आखूड झालेला, तो तू चिमनीनं लांबवत व्हतीस, तुला बी ठावं न्हाई, मला बी न्हाई. तुज्या ओव्या बी न्हाईत आन माजी फोडनी बी न्हाई. एवढ्यासाठी आपन इतकी सालं तोंड वाजवलं. ये की आता, भांड की.

उस्मानभाऊच्या पाटीतनं अंडी ओतूरला जायला लागली. मी निरोप बी धाडला, सुंदरीला न्यायला कधी येऊ? पुढच्या बाजाराला तो आला तो पाटी खाली ठेवीना. म्हनला, "वैनी, रागवू नगा. सुंदरीच्या सासूनं सांगितलंय, अंडी ठेवून घेतली, पन सून धाडायची न्हाई."

"का?"

"त्यांच्या कानावर गेलंय, तुमी लोकांचं दळन दळता म्हनून. म्हनली, थोरली गेली तशी त्या घराची पार रया गेली दिसती. जिला पोटासाठी दुसऱ्याचं दळावं लागतंय, तिच्या दारात मी माजी सून बाळंतपनाला धाडू?"

आधी मला हसूच आलं. मग हसता हसता काय झालं ठावं न्हाई, मी दाराच्या चौकटीला धरून खाली बसले. उस्मानभाऊ म्हनला, "म्या सांगितलं वैनी, कोंबड्यांसाठी दळत्यात म्हनून. तर मलाच म्हनली, भांग प्यालास का रे?" त्या बाईचं तरी काय चुकलं? कोंबड्यांसाठी दळन घेनारी बाई तिनं कुठं बघितली असंल? पोटासाठी दळनाऱ्या मातर घरोघर हायेत.

त्या दिवशी मी लई इचार केला. दळन सोडलं तर वाडीची तोंडं गप बसतील, तुजी इहीन बी नमंल, सुंदरी घरी येईल. पन नुसत्या चिमनीवर भागलं न्हाई तर अंडी जातील, आन ती परत येईपतूर पोरीला दम कुठला? धरून ठेवलं तर अंडी मिळतील, पोरगी येनार न्हाई. तू असतीस तर इहिनीला चार शब्द सुनावून दोन्ही केली असतीस. मला ते जमत न्हाई. मला वाटायचं, सुंदरीनं याच पडवीत बाळंत व्हावं, रातीचं पोर रडावं, मी उठावं. ह्या घरात माज्याबिगर कुनी तरी जागं असावं. लई हाव धरली व्हती म्या त्याची. पन पोरीच्या अंगात रगत न्हाई, हे बी खरं. पहाटं उठले, चिमनी लावली, फळी काढली आन लोकांची ज्वारी वैरली.

आन परवा उस्मानभाऊ वाट वाकडी करून आला. लांबनंच वरडला, "मुलगी झाली, वैनी! दोघी खुशाल हायेत!" म्या त्याला पानी बी इचारलं न्हाई. परडीत गवत घातलं, त्यात अंडी मांडली, वर तुज्या लुगड्यांची दुपटी ठेवली आन नदीच्या कडंनं ओतूरची वाट धरली. वाटंत तुज्याशीच बोलत गेले.

तुजी इहीन दारातच हुबी व्हती. डोईवर पदर नीट केला न म्हनली, "आलात का धाकल्या बाई? आनलंय ते हितंच ठेवा. अजून पाचवी व्हायची हाय."

मला कळलं. पाचवीच्या आधी माज्यासारखीनं, कपाळ पांढरं, कूस रिकामी, वल्या बाळंतिनीसमोर जाऊ नये. म्या म्हनलं, "मी आत येत न्हाई. दळनाचं तेवढं ऐका, ते पोटासाठी न्हवतं..." पन तिला सांगू काय? ओव्या, चिमनी, फळी, पौषातला दिवस?

"कोन आलंय वो, आत्याबाई?" आतनं सुंदरीचा आवाज आला. बारीक, पन ताठ.

"तुजी चुलती. अंडी घेऊन आल्यात. दारातनंच जाते म्हंत्यात."

मग सुंदरी म्हनली, "आत्याबाई, ही अंडी खाऊन मी उठून बसलीय. आमच्या घरी जातं फिरल्याबिगर थंडीत कोंबड्या घालत न्हाईत, मी ल्हानपनापासनं बघते. तिनं माज्यासाठी दळन घेतलं आन तुमी तिला दारात हुबी करता? ते माजं म्हायार हाय. आत येऊ द्या."

आक्का, मी हातात परडी धरून तशीच हुबी ऱ्हायले, डोळ्यांतलं पानी पुसायला हात बी मोकळा न्हाई. तुज्या इहिनीनं माज्या तोंडाकडं बघितलं, मग माज्या हाताच्या घट्ट्यांकडं बघितलं. पुढं झाली, माज्या हातातली परडी आपल्या हातात घेतली आन दारातनं बाजूला सरली.

"या आत," ती म्हनली, "या, इहीनबाई."